नॅपकिनखालचे हात

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी त्याचे हात झाकतो. काउंटरवर निळ्या चौकड्यांचा एक मोठा नॅपकिन असतो आणि त्याच्याखाली तीन कीबोर्ड. गिऱ्हाईकानं हात आत घालायचे, नजर समोरच्या कॅलेंडरवर ठेवायची आणि मनाला येईल ते टाइप करायचं. कोणता महाग, कोणता स्वस्त, कोणाला दिवे आहेत, आम्ही काही सांगत नाही. ज्याच्यावर हात रेंगाळतात तो कीबोर्ड त्याचा.

नवी माणसं हसतात. हिंजवडीजवळच्या माण गावचे एक जुने रहिवासी नातीसाठी कीबोर्ड घ्यायला आले होते, ते तर हात घालायलाच तयार होईनात. म्हणाले, "आत काय हाय ते आधी दाव. न्हाई दावलं तर मी काय हात घालायचा न्हाई." दाखवलं. मग "व्हय, मंग ठीक हाय" म्हणत त्यांनी एका बोटानं नातीचं नाव तिन्ही कीबोर्डांवर सावकाश टाइप केलं आणि मधला उचलला. नातीला तो आवडला का, मला ठाऊक नाही. ते परत आले नाहीत. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक परत न येणं ही चांगली खबर असते.

नॅपकिनची ही रीत युनूसचाचांची. चाचा मूळचे टाइपरायटर दुरुस्त करणारे. पिंपरीच्या बाजारात एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे, इतकं बुटकं की उंच माणसाला मान वाकवूनच व्यवहार करावा लागतो. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मुलामुलींनी बटणांकडे बघू नये म्हणून हातांवर फडकं टाकायचे, ते चाचांच्या डोक्यात राहिलं. टाइपरायटर गेले, भंगारात किलोवर गेले, चाचा त्याबद्दल आजही फार बोलत नाहीत. पण फडकं त्यांनी ठेवलं.

मी मंगल. नांदेड जिल्ह्यातली, कंधारकडची. आठवीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन मोशीला आले आणि चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी लाइनवर सोल्डरिंगला, म्हणजे गरम कांडीनं तारा जोडायला, लागले. कंत्राट संपलं तेव्हा चाचांच्या दुकानाबाहेर पाटी दिसली, 'सोल्डरिंग येणारा मुलगा पाहिजे.' मी बराच वेळ पाटीसमोर उभी राहिले, कारण मी मुलगा नव्हते आणि तेवढ्या कारणानं हाकलून देतील अशी मला भीती होती. चाचांनी आतून विचारलं, "सोल्डरिंग येतं?" मी म्हटलं, "येतं." ते म्हणाले, "मग ती पाटी काढून आत आण, पाऊस लागतोय तिला." मुलाखत एवढीच झाली.

माझा स्वभाव धास्तीचा आहे. एखादं बटण मी नीट बसवलेलं असतं, तपासलेलं असतं, तरी घरी भाकरी थापताना मनात येतं की ते आत्ता, या क्षणाला, रावेतमध्ये कुणाच्या तरी बोटाखाली अडकलं असेल. चाचा म्हणतात, "बेटा, कीबोर्ड आहे, हार्टचा पेशंट नाही." त्यांचं खरं आहे. पण परक्या गावात ज्यांनी जवळ केलं, त्यांच्या दुकानाचं नाव माझ्या हातून जाऊ नये, एवढंच मला वाटत असतं.

आता ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साध्या, ऑफिसातल्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराच्या छोट्या वाट्या असतात. बटण दाबलं की वाटी बसते, सोडलं की फुगते. स्वस्त आणि मस्त. चांगल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, नखाएवढी डबी. तिच्यात एक स्प्रिंग, एक दांडी आणि एकमेकांना शिवणाऱ्या दोन पत्र्या. या स्विचचे मुख्य तीन स्वभाव. लाल सरळ खाली जातो, तुपात बोट घातल्यासारखा. तपकिरी जाताना मध्येच बारीकशी उचकी देतो, म्हणजे बोटाला कळतं की अक्षर उमटलं. निळा उचकीही देतो आणि वर टक्क करून ओरडतोही. खेळणाऱ्यांना लाल आवडतो, लिहिणाऱ्यांना तपकिरी किंवा निळा, आणि लिहिणाऱ्यांच्या घरच्यांना निळा अजिबात आवडत नाही.

मग मांडणी. एक मांडणी आकाराची. गेम खेळणाऱ्याला उजवीकडचे आकडे नको असतात, कारण माऊसला मैदान लागतं. चाकणच्या गोदामातल्या माणसाला आकड्यांशिवाय जगता येत नाही. त्यांचे कीबोर्ड दुरुस्तीला आले की मजा असते, आकडे पुसून गुळगुळीत आणि बाकी अक्षरं कोरी करकरीत. दुसरी मांडणी मराठी अक्षरांची. टाइपरायटरवर शिकलेले रेमिंग्टन मांडणीवर टाइप करतात, कॉम्प्युटरच्या क्लासला शिकलेले सरकारी इनस्क्रिप्टवर, आणि आजची मुलं इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतात. माणसाचं वय विचारायला संकोच वाटला तर मांडणी विचारावी.

आमच्याकडे रावेतचा ओंकार येतो. हिंजवडीला नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर लढाया करतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं आमच्या दोघांपेक्षा जास्त माहिती सांगितली. कोणता स्विच किती भार घेतो, कोणतं तेल लावायचं, सगळं व्हिडिओ बघून पाठ. चाचांनी शांतपणे ऐकलं आणि त्याचे हात नॅपकिनखाली घातले.

"हा," ओंकार म्हणाला. "हाच. कसला भारी आहे राव. कुठला आहे?"

चाचांनी नॅपकिन उचलला. रबराच्या वाट्यांचा, कुठल्याशा पतसंस्थेनं टाकून दिलेला कीबोर्ड होता. ओंकारचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. त्यानं तरी लालच घेतला, दिव्यांचा, मोठ्ठा, आणि काही दिवसांनी परत आला. "ताई, बोट नुसतं टेकलं तरी माझा माणूस उडी मारतो. टीममधले मला बेडूक म्हणायला लागलेत." मी त्याच्या स्प्रिंगा बदलून जड केल्या, बेडूक थांबला. पुढे त्यानं लहान आकाराचा कीबोर्ड घेतला आणि तो मोठा आमच्याकडेच ठेवून गेला. "ठेव ताई, कुणाला लागला तर दे."

तो लागला सुनंदाताईंना.

सुनंदाताई गुरुवारी आल्या. गुरुवारी इकडे कंपन्यांना सुट्टी असते, त्यामुळे आमच्याकडे गर्दी असते. त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या, गर्दी ओसरल्यावर पुढे आल्या आणि म्हणाल्या, "परीक्षेचा कीबोर्ड पाहिजे."

"परीक्षेचा म्हणजे?" चाचांनी विचारलं.

"सरकारी नोकरीची. लेखी झाली, तीत मी पास झाले. आता मराठी टायपिंगची चाचणी आहे. कीबोर्ड स्वतःचा नेता येतो. आवाज करणारा चालत नाही, दिवे लागणारा चालत नाही, आत मजकूर साठवणारा चालत नाही." हे त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "या वेळी नाही झालं तर वयात बसत नाही मी. परत फॉर्मच भरता येणार नाही."

त्या चाकणला एका गोदामाच्या गेटवर कॉम्प्युटरवर गाड्यांच्या नोंदी करायच्या. कंत्राटी. "दर अकरा महिन्यांनी त्याच गेटवर मी नवीन होते," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मी हसले नाही. मी त्या लाइनवरून आलेली आहे, कंत्राट संपल्यावर गेटवरचा वॉचमन कसा अनोळखी होतो ते मला माहीत आहे.

चाचांनी नॅपकिन पुढे केला. सुनंदाताईंनी हात घातले आणि टायपिंग सुरू झालं तसा काउंटरवरचा चहाचा ग्लास सरकायला लागला. असे घाव मी कधी ऐकले नव्हते. जणू प्रत्येक अक्षर त्या पाट्यावर ठेवून ठेचत होत्या. आणि ओळ संपली तसा त्यांचा डावा हात सपकन नॅपकिनबाहेर आला, हवेत वर गेला आणि काहीतरी डावीकडून उजवीकडे ढकलून परत आत गेला. ग्लास खाली.

चाचा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "मशीनवर शिकलात ना?"

"मशीनवरच. लग्नाआधी, श्रीगोंद्याला," सुनंदाताई ग्लासाच्या काचा गोळा करत म्हणाल्या. "हा हात ऐकतच नाही हो माझं. गेटवर पण असंच होतं. तिथले ड्रायव्हर म्हणतात, बाई माश्या हाकलते."

टाइपरायटरवर ओळ संपली की वरचा दांडा हातानं ढकलून कागद परत सुरुवातीला आणावा लागतो, हे चाचांनी मला सांगितलं तेव्हा मला तो हात समजला. शिकून इतकी वर्षं झाली होती आणि हात अजून श्रीगोंद्यातच होता. चाचा मात्र त्या बाईकडे असे बघत होते, जसं परमुलखात कुणी आपल्या गल्लीतलं भेटावं.

नॅपकिनखाली सुनंदाताईंचे हात निळ्यावर रेंगाळले. टक्क, टक्क, टक्क. चेहराच बदलला त्यांचा. वेगही छान आला. लालवर अक्षरं दुप्पट उमटत होती, तपकिरीवर गळत होती, निळ्यावर मात्र ओळी सरळ येत होत्या.

"निळा द्या," त्या म्हणाल्या.

"निळा द्यायला पाहिजे," चाचा म्हणाले. "हाताला जो पाहिजे तो."

"आणि आवाजाचं काय?" मी म्हटलं. "परीक्षेतून उठवलं तर?"

"एवढं कोण ऐकतंय तिथे."

"चाचा, तुम्ही जिन्याखाली बसून वरच्या मजल्यावरचा टायपिस्ट ओळखायचात. तिथे कुणाला ऐकू येणार नाही?"

त्यावर चाचांनी निळा बाजूला सारला. धास्तीचा स्वभाव कधीकधी कामाला येतो. ठरलं असं की निळ्याचा स्पर्श ठेवायचा आणि आवाज काढून टाकायचा, म्हणजेच तपकिरी घ्यायचा आणि तो त्या हातांना पटवायचा. सांगाडा म्हणून ओंकारचा मोठा कीबोर्ड घेतला. त्यातले सगळे लाल स्विच मी काढले. दांड्यांना दोन्ही बाजूंनी रबराच्या बारीक गाद्या असलेले नवीन तपकिरी स्विच घेतले, एकेक करून उघडले, ब्रशनं तेल लावलं, खाली फोमचा थर दिला. मधल्या बोटांखाली जड स्प्रिंगा टाकल्या, करंगळ्यांखाली हलक्या. रेमिंग्टनवर कान्याचं बटण उजव्या मधल्या बोटाखाली येतं आणि मराठीत काना तर पावलोपावली लागतो, म्हणून तिथे सगळ्यात दणकट स्प्रिंग. काम झाल्यावर मी बटणांवरून हात फिरवला तर पावसाळी चपलांनी मातीवरून चालावं तेवढाच आवाज आला. मला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली.

सुनंदाताईंना तो अजिबात आवडला नाही.

"मुक्या माणसाशी भांडल्यासारखं वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "मी एवढं बडवते, हा बोलतच नाही."

सरावाला त्या आमच्याकडेच यायच्या. घरी कॉम्प्युटर नव्हता. संध्याकाळी कंपनीची बस त्यांना पिंपरीत सोडायची, मग आमच्या दुकानाच्या मागच्या अंगाला, दुरुस्तीच्या कीबोर्डांच्या ढिगाऱ्यात त्यांची खुर्ची. तिथे त्या उतारे टाइप करायच्या आणि मी शेजारी सोल्डरिंग करता करता ऐकायची. सुरुवातीला वेग नीट असायचा, मग मध्यावर हात जड व्हायचे, शेवटच्या मिनिटांत अक्षरं गळायची. रोज तेच. एकदा त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवले आणि बराच वेळ बघत बसल्या. "दमतात गं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, आवाजाच्या माझ्या धास्तीपायी मी या बाईंचा निळा काढून घेतला.

ओंकार एका संध्याकाळी आला होता. त्यानं मागून पाहिलं आणि सल्ला दिला, "काकू, इंग्लिश अक्षरांनी टाका ना. सोप्पं पडतं."

"माझ्या बोटांना इंग्रजी येत नाही, बाळा."

"मग इनस्क्रिप्ट शिका."

"तू उद्यापासून डाव्या हातानं जेव," सुनंदाताई म्हणाल्या. "मग शिकते."

ओंकार हसला, पण गेला नाही. उभा राहून त्यांचे हात बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, तुम्ही बटण दाबून झाल्यावर पण दाबताय. मी पण असाच खेळायचो. माणूस मेला तरी गोळ्या मारत बसायचो."

आम्ही तिघंही त्याच्याकडे बघायला लागलो. बोलणं अगदीच पोरकट, पण बरोबर होतं. टाइपरायटरवर अक्षर कागदावर आपटावं लागतं, जोर लावला नाही तर उमटत नाही. म्हणून हात शेवटपर्यंत जातो, तळ गाठतो, वरून ठोसा देतो. निळा ओरडून सांगायचा की झालं, पण बाई तरीही पुढे तळापर्यंत जायच्याच. निळ्यानं त्यांना बरं वाटलं असतं, पण दमल्या तेवढ्याच असत्या.

चाचांनी दुसऱ्या दिवशी वेगळाच प्रकार सुरू केला. उतारे बंद. सुनंदाताईंनी एकच बटण दाबायचं, इतकं हळू की बोटाला उचकी लागेल, आणि उचकी लागली की तिथूनच बोट उचलायचं. अक्षर आलं पाहिजे, बोट खाली टेकता कामा नये. पाळण्यातल्या पोराला उठू न देता त्याच्या अंगावरची माशी उडवावी तसं. सुनंदाताई वैतागल्या. "चाचा, परीक्षा टायपिंगची आहे, चोरीची नाही." पण केलं त्यांनी. गेटवरून थकून येऊन, डबा तसाच बाजूला ठेवून, बाई एकेक बटण चोरासारखं दाबत बसायच्या. मी रोज एकदोन स्प्रिंगा बदलून बघायची. इथे थोडी जड, तिथे थोडी हलकी. उचकी त्यांच्या बोटाला नेमकी कुठे कळते, ते दोघी मिळून शोधत होतो.

मग एका गुरुवारी काउंटरवर असताना मला जाणवलं की मागच्या खोलीतून काही ऐकू येत नाही. मला वाटलं त्या कंटाळून निघून गेल्या. जाऊन पाहिलं तर बाई पूर्ण उतारा टाइप करत होत्या. खांदे खाली आलेले, मनगटं स्थिर, नुसती बोटं चालत होती. ओळ संपली. डावा हात जागचा हलला नाही. खांद्यापासून येणारा जोरच नव्हता, तर हात हवेत जाणार कुठून. मी चाचांना खुणेनं बोलावलं. दोघं दारात उभे राहिलो, आणि चाचा माझ्या कानात म्हणाले, "बोलू नकोस. तिला माहीत नाही अजून."

परीक्षेचं केंद्र रावेतच्या पुढे एका कॉलेजात होतं. सुनंदाताईंच्या यजमानांची पहिली शिफ्ट होती, म्हणून मी सोबत गेले. ओंकारनं त्याच्या गाडीतून सोडलं आणि "बघू तर काय होतंय" म्हणत तोही थांबला. कीबोर्ड मी मांडीवर घेऊन बसले होते, धुतलेल्या कपड्यात गुंडाळून. आवाजाची खात्री केली होती. आत काही साठवत नाही याची खात्री केली होती. तरी वाटेत मी दोनदा कपडा सोडून कीबोर्ड बघितला.

तपासणीचं टेबल व्हरांड्यात होतं, गेटच्या जाळीतून दिसत होतं. तिथल्या माणसानं सुनंदाताईंचा कीबोर्ड घेतला, उलटा करून पाहिला, बटणांवर बोट फिरवलं, आवाज नाही म्हणून मान हलवली आणि वायर कॉम्प्युटरला जोडली.

आणि कीबोर्ड उजळला. डावीकडून उजवीकडे लाल, केशरी, हिरवा, जांभळा, लाट आल्यासारखी, मग उजवीकडून डावीकडे, मग मधून फुटून दोन्हीकडे. जोडल्या जोडल्या हा तमाशा तो पहिल्या दिवसापासून करत आला होता. थोड्या वेळानं आपोआप विझतो. आमच्या दुकानात सगळंच लुकलुकत असतं. भिंतीवरचे कीबोर्ड, दुरुस्तीचे माऊस, समोरच्या मोबाइलवाल्याची पाटी. आम्ही रोज तो कीबोर्ड जोडत होतो, रोज दिवे धावत होते, आणि चाचा, मी, सुनंदाताई, कुणालाही ते दिवे म्हणून दिसलेच नव्हते. नियम सुनंदाताईंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता.

"बाई," टेबलावरचा माणूस म्हणाला, "हा वरातीचा कीबोर्ड आहे."

रांगेतले हसले. सुनंदाताईंनी काहीतरी विनवलं, मला ऐकू आलं नाही. त्यानं मान हलवली. तो चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही, पण नियम नियम होता. केंद्रातला कीबोर्ड मिळेल म्हणाला.

सुनंदाताई गेटपाशी आल्या आणि जाळीच्या फटीतून कीबोर्ड माझ्या हातात दिला. मला रडू कोसळलं.

"तू का रडतेस?" त्या म्हणाल्या. "परीक्षा माझी आहे."

"ताई, माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं."

"माझ्या पण. डोळे पूस, मला आत जायचंय."

त्या वळून गेल्या. ओंकार जाळीला धरून उभा होता. जरा वेळानं म्हणाला, "ताई, मी तो दिवे बघूनच घेतला होता राव."

आत चाचणी चालली होती आणि इतक्या आठवड्यांची माझी सगळी मेहनत माझ्या मांडीवर होती, कपड्यात गुंडाळलेली. प्रत्येक स्प्रिंग, प्रत्येक गादी. आत त्यांच्या पुढ्यात कोणता कीबोर्ड असेल ते मला माहीत होतं. रबराच्या वाट्यांचा, वर्षानुवर्षं पोरांनी बडवलेला, काही बटणं बसलेली, काही फुगलेली. मी गावाकडच्या देवापासून सुरुवात करून आठवतील तेवढ्या सगळ्यांना हात जोडले. ओंकारनं चहा आणून दिला. मी तो धरून बसले आणि तो निवून गेला.

सुनंदाताई बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. त्या आपल्या बोटांकडे बघत चालत होत्या.

"कसा होता?" मी विचारलं. पेपर कसा होता, हे विचारायचं सुचलंच नाही.

"कीबोर्ड? चिखल. चिखलात बोट घातल्यासारखं." मग थांबून म्हणाल्या, "पण मंगल, त्याला पण उचकी आहे गं. ओली आहे, पण आहे. ती लागली की मी बोट उचलत होते. शेजारची मुलगी बडवत होती, तिच्या टेबलामुळे माझं टेबल हलत होतं. मला तिला सांगावंसं वाटलं, अगं हळू, झालंय उमटून."

"आणि हात?"

"दमले नाहीत."

ओंकारनं गाडी काढली. परतीच्या वाटेवर आम्ही तिघांनी वडापाव खाल्ला, आणि सुनंदाताईंनी मिरच्याही संपवल्या.

दुकानात पोचल्यावर मी चाचांना सगळं सांगितलं. कीबोर्ड हातात घेत ते म्हणाले, "म्हणजे तुझं काम फुकट गेलं." बोलताना हसत होते. मी दोन दिवस रुसले होते खरी. इतका सुंदर कीबोर्ड केला आणि परीक्षा झाली टाकाऊ कीबोर्डवर. पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा पटलं. रबराची वाटी बसताना बोटाला जो मऊ धक्का लागतो, तो तपकिरीच्या उचकीचाच गावठी भाऊ आहे. लालवर सराव केला असता तर त्या चिखलात त्यांची बोटं हरवली असती. निळ्यावर केला असता तर त्या शांततेत त्या घाबरल्या असत्या. हे सगळं मला आता सांगता येतं. तेव्हा मी फक्त आवाजाला घाबरून तपकिरी घेतला होता.

निकाल लागायला बरेच दिवस गेले. त्या काळात सुनंदाताई गेटवरच होत्या, आणि सरावाची गरज नसताना अधूनमधून येऊन मागच्या खोलीत बसायच्या. निकालाच्या दिवशी त्यांनी फोन केला नाही, स्वतः आल्या. जिन्याखाली वाकून आत आल्या आणि चाचांच्या पायाला हात लावला. चाचा घाईघाईनं मागे सरकले आणि त्यांचं डोकं जिन्याला लागलं. मग निकाल काय लागला ते विचारायची गरजच उरली नाही, एकानं डोकं चोळायचं, दुसरीनं हसता हसता रडायचं, असं चाललं होतं. मी सोल्डरिंगची गरम कांडी हातात धरून उभी होते, कारण ती कुठे ठेवायची तेच मला सुचेना.

काही महिन्यांनी त्यांचा ऑफिसातून फोन आला. "मंगल, इथले दोनचार कीबोर्ड बसलेत. साहेब म्हणतात नवीन मागवू. मी म्हटलं, आमची बाई आहे, आधी ती बघेल. येशील?"

सरकारी ऑफिसात मी आतापर्यंत दाखल्यासाठी, रेशनकार्डासाठी गेले होते, रांगेत. हत्यारांची बॅग घेऊन कधी गेले नव्हते. दारातल्या शिपायाला मी दबकत सांगितलं की मला बोलावलंय. त्यानं विचारलं, "कोणी?" मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "आत जा, टायपिंग सेक्शनला."

मोठी खोली होती. भरपूर टेबलं, फायलींच्या भिंती, त्यांच्या आडून दिसणारी डोकी. सगळीकडून टायपिंगचा आवाज येत होता, कुणी दमानं, कुणी रागानं, कुणी दोन बोटांनी. मी दारात उभी राहून कान देत राहिले. चाचांकडे राहून सवयच लागली आहे, माणूस आधी ऐकायचा. त्या सगळ्या आवाजांत मला सुनंदाताई सापडेनात. एकेक टेबल मी कानानं वगळत गेले. खिडकीजवळच्या टेबलावरून मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

मी सरळ तिकडे निघाले.